निळ्या बाटलीचं बूड

कवळ्या करणाऱ्या त्या माणसाच्या हाताला तोड नव्हती आणि तोंडाला आवर नव्हता. दोन्ही गोष्टी एकदम सांगून टाकलेल्या बऱ्या, कारण पुढे जे झालं ते या दोहोंनी मिळून केलं.

दवाखान्याच्या मागच्या अंगाला, जिन्याखाली, त्याची खोली. लांबलचक टेबल, त्यावर प्लास्टरचा डबा, मेणाच्या गुलाबी पट्ट्या, स्पिरिटचा दिवा, पॉलिशचं घरघरणारं चाक आणि भिंतीवरच्या फळीवर एकावर एक रचलेले लोकांचे पांढरे जबडे. एकतीस वर्षं तो तिथे बसत होता. पुढच्या दवाखान्यातून आणि शहरातल्या आणखी सहा-सात दवाखान्यांतून तोंडाचे ठसे यायचे. तो त्यात प्लास्टर ओतून साचा काढायचा, साच्यावर मेणात दात लावायचा, मेणाच्या जागी ॲक्रिलिक यायचं आणि कुठलातरी बोळक्या तोंडाचा म्हातारा पुन्हा तोंडभर हसायला लागायचा.

ठसा कडेला जरा जरी तुटका आला की हा तो परत पाठवायचा. नुसता नाही, सोबत चिठ्ठी. "कड कापली गेली आहे. कवळी हवेत बसवायची आहे का?" किंवा, "खालचा जबडा मिळाला, आभारी आहे. तो कुठे संपतो तेही पाठवा." डॉक्टर लोक आधी चिडायचे, मग चिठ्ठ्या एकमेकांना दाखवून हसायचे. पुढच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तर एक चिठ्ठी टेबलाच्या काचेखाली जपून ठेवली होती. एक नवा शिकाऊ डॉक्टर मात्र अशी चिठ्ठी वाचून बाथरूममध्ये जाऊन रडला होता, हे त्याच डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा हा म्हणाला, "रडला ना? आता आयुष्यात कड कापणार नाही."

आणि खरंच कापली नाही त्या मुलाने. त्यामुळे आपलं बरोबरच आहे, असं याचं मत आणखी पक्कं झालं.

या माणसाचं एक गुपित होतं. बाई नव्हती, बाटलीही नव्हती. म्हणजे बाटली होती, पण पडद्यावरची. मुलगी शाळेत असताना तिच्यासाठी गेम खेळायचं यंत्र आणलं होतं. मुलगी मोठी झाली, नोकरीला लागली, परगावी गेली. यंत्र राहिलं आणि बाप राहिला. रोज पहाटे साडेपाच ते सात, चहाचा कप मांडीशी ठेवून, छप्पन्न वर्षांचा हा गृहस्थ 'परतवाट' खेळायचा. दवाखान्यात कुणाला पत्ता नव्हता. त्याला लाज वाटायची, पण ती लाज किरकोळ होती. खरी लाज कशी असते ते त्याला अजून कळायचं होतं.

'परतवाट'चे बावीस वर्षांत सात भाग निघाले. गोष्ट एका टपालवालीची. सगळी माणसं सोडून गेलेल्या मुलखातून ती पत्रं वाटत चालली आहे. वाटेत विहिरी खचलेल्या, पूल मोडलेले, कुत्री पिसाळलेली. तिला जगवतात त्या वाटेत सापडणाऱ्या तीन वस्तू. निळी बाटली: प्यायली की जीव भरून येतो. पितळी शिट्टी: वाजवली की समोरचा शत्रू क्षणभर थिजतो. आणि लोकरी हातमोजे: घातले की भिंत चढता येते. सातही भागांत गावं बदलली, शत्रू बदलले, टपालवालीचे केससुद्धा पिकले, पण या तीन वस्तू त्याच. आता ज्या मुलखात माणूसच नाही, तिथे या वस्तू ठेवतं कोण? गेम करणाऱ्यांनी कधी सांगितलं नाही. ते काम खेळणाऱ्यांनी अंगावर घेतलं.

त्यांचा इंटरनेटवर एक फोरम होता. तिथे या प्रश्नावर जी डोकी चालायची, ती एखाद्या सरकारी खात्याला दिली असती तर देशाचं भलं झालं असतं. कुणी म्हणे शिट्टी बुडालेल्या स्टेशनमास्तरची. कुणी म्हणे हातमोजे दर भागात एकेक टाक्याने लहान होतात, म्हणजे विणणारीची लोकर संपत आली आहे. एकाचं तर म्हणणं असं, की टपालवाली पहिल्याच भागात मेली, पुढचे सहा भाग ही बातमी तिच्यापर्यंत पोचलेली नाही. टपालखात्याचा कारभार बघता हे अनेकांना पटलं.

आपल्या माणसाने तिथे 'अक्कलदाढ' असं नाव घेतलं होतं. लोक त्याला दाढसाहेब म्हणत. कारण निळ्या बाटलीचं त्याने जे मांडलं होतं, त्याला फोरमवर तोड नव्हती.

टपालवालीकडे बाटली आली की बाटलीचं चित्र पडद्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात दिसतं. दाढसाहेबांनी कामाच्या खोलीतलं, केसाएवढं अंतर मोजणारं व्हर्निअर घरी आणून टीव्हीच्या काचेवर लावलं आणि सातही भागांत बाटलीची उंची नि आतल्या पाण्याची उंची मोजली. पहिल्या भागात बाटली शंभर धरली तर पाणी साठ. दुसऱ्यात अठ्ठावन्न. मग छप्पन्न, चोपन्न, त्रेपन्न, एक्कावन्न. सातव्यात एकोणपन्नास. पाणी कमी होत होतं! म्हणजे बाटल्या अनेक नाहीत, बाटली एकच आहे. कुणीतरी टपालवालीच्या पुढे चालतंय, वाटेत तिच्यासाठी बाटली ठेवतंय. आणि ठेवायच्या आधी एक घोट स्वतः घेतंय.

कोण? टपालवालीच्या पिशवीत एक पत्र पहिल्या भागापासून पडून आहे, जे कधीच पोचत नाही. त्यावर पत्ता नाही, नुसतं 'आईस' लिहिलेलं आहे. अक्कलदाढेने लिहिलं होतं, "आई पुढे चालली आहे. पोरगी मागून येईल म्हणून बाटली ठेवत ठेवत. पण वाट लांबली, आणि आता तिलाही तहान लागते."

वाचून मोठमोठी माणसं रडली. चार हजारांवर प्रतिसाद आले. कुणी लिहिलं, सहा वर्षांनी आज आईला फोन केला. कुणी घरातल्या बाटलीवर सात रेघा मारून तिचा फोटो टाकला, मग तशा बाटल्यांची लाटच आली. दुसऱ्या कुणी मोजून बघितलं का? दोघातिघांनी अंदाजाने बघितलं, त्यांना पाणी कमीच दिसलं, कारण ते कमी दिसायलाच हवं होतं. शिवाय व्हर्निअरने मोजलेल्या माणसाशी पट्टी घेऊन कोण भांडणार?

एकजण भांडली. म्हणजे भांडलीही नाही, नुसतं विचारलं. तिचं नाव 'शिसपेन्सिल'. फोरमवर आधी कधी फारशी बोललेली नव्हती. तिने लिहिलं, "मी सातही भाग मोजले. मला सगळीकडे पाणी साठच येतंय. बाटलीच्या तळाशी जाड काचेचं कडं आहे, ते तुम्ही उंचीत धरलं आहे का? माझंच काही चुकत असेल तर कृपया सांगा."

दाढसाहेब तेव्हा सातवा भाग खेळत होते, त्यांच्या टीव्हीवर कसलंही कडं नव्हतं. त्यांनी दोन मिनिटांत उत्तर ठोकलं. "कडं बाटलीला नाही, आपल्या पडद्यावर धुळीचं असावं. पुसून बघा. आणि शिसपेन्सिलीला आधी टोक काढा, मग मोजायला बसा."

ज्यांच्या पडद्यावर कडं धडधडीत दिसत होतं, ते सगळे गप्प बसले. त्यांना वाटलं, दाढसाहेबांनी ते धरलंच असणार. आणि हसायची संधी कोण सोडतो? तासाभरात चर्चेच्या त्या धाग्यावर टोकयंत्रांच्या फोटोंचा पाऊस पडला. लाकडी, लोखंडी, गिरणीएवढी. कुणी लिहिलं, "ताई, खोडरबर देऊ का?" हा सकाळचा चहा पिता पिता एकेक फोटो बघून मांडीवर थाप मारत होता.

शिसपेन्सिलने आणखी एकदाच लिहिलं. "टोक काढून पुन्हा मोजलं. तेच आलं. तुमचा टीव्ही जुना असेल तर तो चित्राच्या कडा कापत असेल. एकदा बघाल का?"

हे त्याने वाचलं. टीव्ही जुना होताच. मनात काहीतरी टोचलं, दाताच्या फटीत तूस अडकावं एवढंच. त्याने घड्याळ पाहिलं, सात वाजले होते, यंत्र बंद केलं आणि कामावर गेला. उत्तर दिलं नाही. टीव्हीही बघितला नाही. तिच्या त्या ओळीवर लोकांनी आणखी दोनशे टोकयंत्रं ओतली. त्यानंतर शिसपेन्सिल फोरमवर कुणाला दिसली नाही.

याला दोन वर्षं झाली.

यंदा फोरमवाल्यांनी ठरवलं की एकदा प्रत्यक्ष भेटायचं. छापखान्यात काम करणारी एक उत्साही मुलगी, फोरमवर तिचं नाव 'खुंटी', तिने सगळी उठाठेव अंगावर घेतली. रविवारची सकाळ, एका शाळेचं सभागृह, दीडशे माणसं आणि मुख्य भाषण दाढसाहेबांचं. हा फुलून गेला. बायकोलाही सांगितलं. ती वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करायची आणि नवऱ्याकडेही मुदत संपलेल्या पुस्तकाकडे बघावं तशी बघायची.

"दीडशे माणसं? पडद्यावरच्या बाटलीसाठी?"

"अगं, ती नुसती बाटली नाही."

"बरं बाई, बाटलीताई. शर्ट कुठला घालणार? तो प्लास्टरचा डाग असलेला नको."

भेटीला आठ दिवस राहिले असताना टीव्हीवर हिरवी उभी रेघ यायला लागली. दुपारच्या सुट्टीत याने टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला घरी बोलावलं. चित्र तपासायला काहीतरी चालू हवं, म्हणून 'परतवाट'चा सातवा भाग लावला. दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण काढलं, एक तार हलवली, रेघ गेली. मग रिमोट घेऊन तो कसल्याशा यादीत शिरला.

"काका, हा सेट असाच वापरताय इतकी वर्षं?"

"असाच म्हणजे?"

"चित्र मोठं करून दाखवतो हा. चारी बाजूंनी कापतो. जुन्या सेटना खोड असते ही. थांबा."

त्याने बटण दाबलं. चित्र चारी बाजूंनी आत सरकलं, कडेने नवीन आकाश आलं, नवीन जमीन आली. आणि डाव्या खालच्या कोपऱ्यात निळ्या बाटलीला बूड आलं. जाड काचेचं कडं.

"झालं काका. आता पूर्ण दिसेल."

दुरुस्तीवाला गेला. याने दवाखान्यात फोन करून पोट बिघडल्याचं सांगितलं, आणि ते फारसं खोटं नव्हतं. व्हर्निअर घेऊन तो टीव्हीसमोर बसला. पहिला भाग, साठ. दुसरा, साठ. भागागणिक बाटलीचं चित्र कोपऱ्यात थोडं थोडं खाली सरकत गेलं होतं, एवढीच भानगड. जितकं खाली सरकलं तितकं याच्या टीव्हीने बूड खाल्लं. सातवा भाग, साठ. कुणी घोट घेत नव्हतं. पुढे कुणी चालत नव्हतं. चित्र काढणाऱ्याने एकदा बाटली काढली आणि सात वेळा तीच वापरली, इतकी साधी गोष्ट.

कड कापली गेली होती. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या नावाने चिठ्ठ्या लिहिणाऱ्या माणसाने कड न बघता कवळी केली होती आणि ती दीडशे जणांच्या तोंडात बसवली होती. त्याचे कान तापले. घरात कुणी नसताना त्याने उगीचच इकडेतिकडे पाहिलं.

पण चूक झाली, याची एवढी लाज नव्हती. चुका होतात. त्याच्या डोक्यात ती दुसरी ओळ फिरत होती. 'एकदा बघाल का?' तिने नुसती चूक दाखवली नव्हती, चुकीचं कारण ताटात वाढून दिलं होतं. आणि त्याने वाचलं होतं.

पुढचे तीन दिवस त्याने माणूस ज्या ज्या पळवाटा काढतो त्या सगळ्या काढून पाहिल्या. आजारी पडावं. भाषणात बाटलीचा विषयच टाळून शिट्टीवर बोलावं. कोण मोजतंय? सगळ्यात नामी युक्ती तिसऱ्या दिवशी सुचली: 'माझ्या ताज्या निरीक्षणानुसार' अशी सुरुवात करून चूक आपणच शोधून काढली असं सांगायचं. लोक उलट वाहवा करतील, काय हा प्रामाणिकपणा म्हणतील. त्याने ते टाचणही लिहून काढलं. छान उतरलं होतं. वाचता वाचता त्यालाच आपलं कौतुक वाटलं, आणि मग एवढी किळस आली की त्याने कागद चुरगळला.

मग त्याने शिसपेन्सिलला खासगी निरोप पाठवला. तिचं खातं अजून होतं. निरोप कसा? तर, "आपण दोन वर्षांपूर्वी मांडलेल्या मुद्द्यात काही अंशी तथ्य असावं, असं अलीकडे वाटू लागलं आहे." काही अंशी! असावं! वाटू लागलं आहे! बायकोने मागून वाचलं.

"हे कुणाला?"

याने सांगितलं. सगळं. टोकयंत्रांपर्यंत. बायको ऐकत राहिली. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, एका टॉवेलची तिने तीनदा घडी घातली.

"अहो, तुम्ही तिला जाहीर चोप दिलात आणि माफी अशी कानात पुटपुटताय?"

"माफी मागतोय ना पण."

"कुठे मागितलीय? शब्द दाखवा."

शब्द नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्तर आलं. तो फोन घेऊन गॅलरीत गेला. शिसपेन्सिलने लिहिलं होतं:

"बरं वाटलं. मी नकाशे काढायच्या कचेरीत होते, आता निवृत्त आहे, म्हणून मोजायची सवय. तेव्हा माझी आई अंथरुणाला खिळलेली होती. ती झोपली की तिच्या उशाशी बसून मी आवाज बंद करून खेळायचे. तुम्ही लिहिलेलं तिला वाचूनही दाखवलं होतं. तिला फार आवडलं. ते खरं असावं असं जगात सगळ्यात जास्त मलाच वाटत असेल, म्हणून तर स्वतः मोजायला बसले. नाही निघालं. मग वाटलं, माझंच चुकलं असेल, तुम्ही सांगाल. असो. आता आई नाही. तुम्ही नीट असाल अशी आशा."

ना टोमणा, ना तक्रार. एखादी शिवी असती तर हा तरला असता. ती आपली बाजू मांडायला आली नव्हती. आपली चूक निघावी म्हणून आली होती, पदर पसरून. आणि त्याने तिला पडदा पुसायला सांगितलं. तो गॅलरीत उभा राहिला, खाली कुणीतरी सायकलला हवा भरत होतं, ते संपेपर्यंत उभा राहिला. मग आत येऊन भिंतीकडे तोंड करून बसला. बायकोने जेवायला हाक मारली तर म्हणाला, "तोंड दाखवायची लाज वाटते गं." तिने ताट तिथेच आणून दिलं आणि त्याच्याकडे न बघता गेली. तेवढी दया तिला जमायची.

रविवारी सभागृह भरलं. निम्म्या लोकांच्या हातात सात रेघांच्या निळ्या बाटल्या. खुंटी दारातच धावत आली. "दाढसाहेब! अय्या, तुम्ही खरंच कवळ्या करता? माझ्या आजोबांची सारखी पडते हो!" लोक हात मिळवत होते, फोटो काढत होते. एक दाढीवाला बुवा, ट्रक चालवायचा तो, याचा हात हातात धरून नुसता उभा राहिला. म्हणाला, "आई गेली तेव्हा तुमचा धागा वाचून दिवस काढले. एवढंच सांगायचं होतं." आणि बाजूला झाला. याच्या हातात त्याच्या हाताची ऊब राहिली. बायको शेवटच्या रांगेत जाऊन बसली होती, पर्स मांडीवर घेऊन.

टाळ्या झाल्या. तो माईकपाशी गेला.

"बाटलीतलं पाणी कमी होत नाही," तो म्हणाला. "सातही भागांत साठच आहे. माझा टीव्ही चित्राची कड कापत होता. मी बूड सोडून मोजलं."

पुढच्या रांगेतून कुणीतरी हसत ओरडलं, "दाढसाहेब, फिरकी घेताय!" सगळे हसले. खुंटीने टाळी वाजवली. त्याने पुन्हा सांगितलं. आता कुजबुज झाली. चष्मा लावलेला एक तरुण उभा राहून म्हणाला, "पण सर, कड कापली जाणं हाच तर संकेत असेल! म्हणजे आई चौकटीच्या बाहेर आहे, म्हणून..." "वा!" दोनतीन आवाज आले. ती मंडळी त्याला चुकूच देईनात. एक क्षण, एकच क्षण, त्याला वाटलं घ्यावं हे. किती मऊ पायरी होती उतरायला.

"नाही हो," तो म्हणाला. "चित्र एकदाच काढलं आणि सातदा वापरलं. बसा. आणि हे मला सापडलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी एका सभासदाने दाखवलं होतं. वाचतो."

त्याने खिशातून कागद काढला. धाग्यावरचं जेवढं सगळ्यांपुढे होतं तेवढंच त्यावर उतरवून आणलं होतं. खासगी निरोपातलं एक अक्षर नव्हतं. आईचं त्याने कुणाला सांगायचं नव्हतं, ते त्याचं नव्हतंच. त्याने शिसपेन्सिलचा पहिला प्रतिसाद वाचला. 'माझंच काही चुकत असेल तर कृपया सांगा.'

"यावर मी जे उत्तर दिलं ते असं." आणि त्याने वाचलं. धूळ. पुसून बघा. टोक काढा, मग मोजायला बसा.

सभागृह हसलं.

खळखळून हसलं. काय करणार, वाक्य जमलेलंच होतं. मागून कुणी "टोकवाली!" असं ओरडलं आणि पुन्हा हशा पिकला. तो कागद धरून उभा राहिला. दोन वर्षांपूर्वी मांडीवर थाप मारली होती ती त्याच्या गालावर आता बसत होती, एकेक. त्याने हसू थांबवलं नाही, हात वर केला नाही. ट्रकवाला एकटा हसत नव्हता. हळूहळू पुढची रांग थांबली, मग मधली. शेवटी कुणीतरी एकटाच हसत राहिला आणि खोकून गप्प झाला.

"त्यावर त्यांनी लिहिलं," हा म्हणाला, आणि दुसरी ओळ वाचली. "'टोक काढून पुन्हा मोजलं. तेच आलं. तुमचा टीव्ही जुना असेल तर तो चित्राच्या कडा कापत असेल. एकदा बघाल का?' इथे माझं उत्तर नाही. तुम्हाला वाटलं असेल, मी वाचलं नसेल. मी वाचलं होतं. टीव्ही जुना आहे हे मला माहीत होतं. बघायला दोन मिनिटं लागली असती. मी कामावर निघून गेलो." त्याने कागदाची घडी घातली. "तुम्ही दोनशे फोटो टाकलेत. पण सुरुवात माझी."

कुणी टाळी वाजवली नाही. खुंटीचे डोळे भरले होते, रागाने की कशाने. ती पायऱ्यांपाशी येऊन हलक्या आवाजात म्हणाली, "हे आजच सांगायचं होतं? लोक कुठून कुठून आलेत."

"दोन वर्षांपूर्वी सांगायचं होतं," तो म्हणाला आणि खाली उतरला.

चहाच्या वेळी त्याच्याभोवती कुणी आलं नाही. बाटल्या पिशव्यांमध्ये गेल्या होत्या. चष्मेवाला तरुण एका घोळक्याला त्याचं चौकटीबाहेरच्या आईचं म्हणणं समजावून सांगत होता आणि माना डोलत होत्या. ट्रकवाला चहा संपवून याच्याजवळ आला, काहीतरी बोलणार असं वाटलं, पण नुसता कप टोपलीत टाकून निघून गेला.

बायको नि तो बसथांब्यावर येऊन बाकावर बसले. रविवार असल्याने बस तुरळक. त्याने फोन काढला आणि शिसपेन्सिलला लिहायला घेतलं. या वेळी शब्द होता, पहिलाच होता. "माफ करा. तुमचा दुसरा प्रतिसाद मी तेव्हा वाचला होता आणि दुर्लक्ष केलं. आज तुमचं आणि माझं दोन्ही सगळ्यांपुढे वाचून दाखवलं. माझं उत्तर ऐकून लोक पुन्हा हसले."

बायको वाकून वाचत होती. "शेवटची ओळ काढा हो. कशाला उगाच? तिला वाईट वाटेल."

"वाटेल."

"मग?"

"हसले ते खरं आहे. मी तसं लिहिलं होतं म्हणून हसले. ते गाळलं तर मी शहाणा ठरतो."

"आणि तिचं काय?"

बस आली, दार उघडलं, बायको चढली. तो फोन हातात धरून बाकावर तसाच. "अहो, येताय का?" ती पायरीवरून म्हणाली. चालकाने हॉर्न दिला. त्याने ओळ ठेवली, पाठवली आणि उठला. बसमध्ये जागा होती तरी तो दांडीला धरून उभाच राहिला, आणि बायकोने त्याला बसा म्हटलं नाही.